कोल्हापूरला विमानाने येताय? उजळाईवाडीत उतरल्यापासून परत निघेपर्यंतचं सगळं

आमच्याकडे येणारे पाहुणे गेल्या काही वर्षांत हळूहळू महालक्ष्मी एक्स्प्रेसवरून विमानावर आलेत. हैदराबादचा मामेभाऊ, बेंगळुरूला आयटीत असलेली पुतणी, मुंबईची मावशी, सगळ्यांना आणायला आणि सोडायला उजळाईवाडीच्या विमानतळावर मीच जातो, आणि फोनवर तेच तेच प्रश्न इतक्या वेळा ऐकलेत की म्हटलं एकदा बसून नीट लिहूनच काढू, म्हणजे ज्यांचं कोल्हापुरात कुणीच नाही त्यांनाही उपयोग होईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, बाकीचा प्लॅन मग आपोआप बसतो. विमानतळ शहराच्या आग्नेयेला आहे, पुणे-बेंगळुरू हायवेच्या अंगाला, शहरापासून साधारण ९-१० किलोमीटर. पन्हाळा आणि जोतिबा बरोब्बर उलट्या बाजूला, म्हणजे अख्खं शहर ओलांडून पलीकडे. आणि कणेरी मठ, हुपरी, नृसिंहवाडी, खिद्रापूर हे सगळं विमानतळाकडच्या बाजूला. लोक काय करतात, उतरले की आधी शहरात हॉटेलवर जातात, दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परत कणेरीला येतात आणि जायच्या दिवशी सकाळी पन्हाळा उरकून दुपारची फ्लाइट गाठायला जीव मुठीत धरून पळतात. हे उलटं करा. येण्या-जाण्याच्या दिवशी विमानतळाच्या बाजूचं बघा आणि पन्हाळा-जोतिबाला मधला अख्खा दिवस द्या. एवढं जरी केलंत तरी ट्रिप निवांत होते.

तिकीट काढायच्या आधी

विमानतळाचं नाव छत्रपती राजाराम महाराज विमानतळ, कोड के-एल-एच. राजाराम महाराजांनी संस्थानाच्या काळात इथे धावपट्टी बांधून घेतली, १९३९ मध्ये विमानतळ सुरू झाला, म्हणजे हा काही काल-परवाचा विमानतळ नाही. मधली कित्येक वर्षं मात्र इथे प्रवासी विमान कधी असायचं कधी नसायचं, ते उडान या छोट्या शहरांना विमानसेवा देणाऱ्या सरकारी योजनेनंतर २०१८ पासून पुन्हा हललं. नवीन टर्मिनलचं उद्घाटन १० मार्च २०२४ ला झालं. दगडी कमानींचा दर्शनी भाग आहे, जुन्या वाड्यात शिरल्यासारखं वाटतं, बाहेरच्या माणसाला पहिलं दर्शन असं होतं याचं मला मनापासून बरं वाटतं.

फ्लाइट मात्र मोजक्याच असतात, आणि कुठली कुठल्या वारी आहे हे सीझननुसार बदलतं. हैदराबाद, बेंगळुरू, मुंबई हे नेहमीचे मार्ग, पण मुंबईची सेवा आत्तापर्यंत बऱ्याचदा सुरू झाली आणि बंद पडली, त्यामुळे मागच्या वर्षी कुणीतरी सांगितलेल्या वेळेवर विसंबून लग्नाची किंवा दर्शनाची तारीख ठरवू नका, विमान कंपनीच्या साइटवर त्या त्या तारखेचं बघा आणि मगच बाकीचं बुकिंग करा. आदल्या दिवशी परत एकदा वेळ चेक करा, बदललेली असू शकते आणि मेसेज आलाच असेल असं नाही.

इथे छोटी विमानं येतात, एटीआर आणि एम्ब्रेअर. दोन्हीत एका बाजूला जास्तीत जास्त दोनच सीट, म्हणजे मधली सीट हा प्रकारच नाही. आता एक बारीक गोष्ट बघा जी कुणी सांगत नाही. एटीआरमध्ये चढायचं-उतरायचं दार मागच्या बाजूला असतं, पुढून सामान चढवतात. त्यामुळे पटकन उतरता येईल म्हणून पहिल्या रांगेतली सीट जास्तीचे पैसे भरून घेतली तर सगळ्यात शेवटी उतरावं लागतं. गुडघेदुखीवाल्या म्हाताऱ्या माणसांना एटीआरमध्ये मागच्या रांगेत बसवा, आत फार चालावं लागत नाही. आणि एटीआरचा पंख वरच्या बाजूला असतो, म्हणून बहुतेक खिडक्यांतनं खालचं सगळं स्वच्छ दिसतं. कोल्हापूर जवळ आलं की हिरव्यागार उसाचे तुकडे, पंचगंगेची वळणं, आणि हिवाळ्यात असाल तर गुऱ्हाळांचा धूर, हे वरून बघण्यासारखं आहे. एम्ब्रेअरमध्ये पंख खाली असतो, तिथे मधल्या रांगा सोडून पुढची किंवा मागची खिडकी घ्या.

छोट्या विमानात डोक्यावरचे कप्पेही छोटे. मोठी ट्रॉली हातात घेऊन गेलात तर ती बहुतेक वेळा विमानाजवळच काढून घेऊन खाली ठेवतात, म्हणून औषधं, दागिने, चार्जर, पॉवर बँक हे वेगळ्या लहान पिशवीत ठेवा, म्हणजे ट्रॉली गेली तरी अडत नाही.

परदेशातून येणाऱ्यांसाठी खास सांगतो. अमेरिका किंवा दुबईहून हैदराबाद-मुंबईला उतरून पुढे कोल्हापूरची फ्लाइट घेणार असाल तर शक्यतो एकाच तिकिटावर सगळा प्रवास घ्या. वेगवेगळी तिकिटं असली तर दोन गोष्टी होतात, एक म्हणजे पहिली फ्लाइट लेट झाली तर दुसरीची जबाबदारी कुणी घेत नाही, आणि दुसरं म्हणजे परदेशातून २३-२३ किलोच्या दोन बॅगा आणता आणि इथल्या देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलोच चालतं, वरच्या प्रत्येक किलोला पैसे. वेगळी तिकिटं घ्यायचीच असतील तर मध्ये भरपूर वेळ ठेवा, शक्यतो एक रात्र.

उतरल्यावर काय करायचं

टर्मिनल छोटं आहे, बॅगेज बेल्टपासून बाहेरच्या दारापर्यंत दोन मिनिटांत पोचता. खरा प्रश्न त्यानंतरचा, शहरात कसं जायचं. सगळ्यात बेस्ट म्हणजे हॉटेलला आधीच फोन करून गाडी सांगून ठेवणं, किंवा ओळखीचा ड्रायव्हर असेल तर त्याला फ्लाइट नंबर देऊन ठेवणं. विमान उतरतं तेव्हा बाहेर टॅक्सी असतात पण फ्लाइट लेट झाली, रात्र झाली की पंचाईत होऊ शकते. मोठ्या शहरासारखं मोबाइल उघडला आणि ॲपवर तीन मिनिटात गाडी आली असं इथे गृहीत धरू नका. भाडं बसायच्या आधी ठरवा, वेटिंगचे वेगळे आहेत का, टोल-पार्किंग त्यात आलं का, हे स्पष्ट विचारा, विचारलं की कुणाला राग येत नाही. केएमटीच्या बस शहरात ठीक आहेत पण बॅगा घेऊन, फ्लाइटच्या वेळेशी मेळ घालून बसने जायचा हिशोब करू नका.

रस्ता असा आहे, विमानतळावरून उजळाईवाडीला हायवेपाशी, तिथून शाहू टोल नाका, मग शिवाजी विद्यापीठाच्या बाजूने सायबर चौक, राजारामपुरी आणि मग शहर. अंबाबाई मंदिरापर्यंत अर्धा तास धरा, संध्याकाळी ट्रॅफिक असेल तर पाऊण तास. पुण्याकडून हायवेने येणारे तावडे हॉटेलच्या चौकातून स्वागत कमानीखालून ताराराणी चौकात येतात, तो रस्ता वेगळा, ड्रायव्हरशी बोलताना गोंधळ होतो म्हणून सांगून ठेवलं.

राहायचं कुठे हे कशासाठी आलाय त्यावर ठरवा. फक्त दर्शन आणि जुनं शहर चालत बघायचं असेल तर मंदिराच्या आसपास, तिथे भक्त निवास आणि लहान लॉज भरपूर, पण गाडी लावायची मारामार. पुढे रेल्वेने जाणार असाल तर स्टेशन रोड, एसटी स्टँडही तिथेच जवळ. गाडी आहे, लहान मुलं आहेत, मोठी हॉटेलं हवीत तर ताराराणी चौक, कावळा नाका बाजूला राहा, विमानतळाकडे आणि हायवेकडे निघायलाही तेच सोपं. माझं मत विचाराल तर म्हातारी माणसं बरोबर असतील तर मंदिराजवळच राहा, पहाटे गर्दी व्हायच्या आत चालत जाऊन शांत दर्शन होतं, ते सुख गाडीने येऊन नाही मिळत.

विमानतळाच्या बाजूचं, येण्याच्या किंवा जाण्याच्या दिवशी

कणेरीचा सिद्धगिरी मठ. हायवेने गोकुळ शिरगाव एमआयडीसी ओलांडून पुढे गेलं की आत फाटा आहे, विमानतळावरून अगदीच जवळ. मठात महादेवाचं मंदिर आहेच, पण तिथलं ग्रामजीवन म्युझियम खास आहे. जुन्या स्वयंपूर्ण गावातलं जगणं माणसाच्या उंचीच्या पुतळ्यांमधून उभं केलंय, मोट हाकणारा, लोहाराचा भाता ओढणारी बाई, कासार, न्हावी, वैद्य, विहिरीवरच्या बाया. माझ्या मुंबईच्या भाच्याला बलुतेदार हा शब्द पुस्तकात पाठ होता, तिथे गेल्यावर त्याने दोन तास मला प्रश्न विचारून हैराण केलं, हे कशाला वापरायचे, ते कुणाला द्यायचे, धान्य किती मिळायचं. दोन-तीन तास हाताशी ठेवा, उन्हाळ्यात टोपी आणि पाणी घ्या कारण बरंचसं उघड्यावर आहे.

हुपरी चांदीच्या दागिन्यांचं गाव. पैंजण, वाळे, जोडवी, करदोटे, घराघरात काम चालतं. दुकानातून घेताना चांदीचा टंच, म्हणजे शुद्धता किती आणि मजुरी किती हे वेगळं लिहून घ्या.

नृसिंहवाडी आणि खिद्रापूर मात्र एका दमात करायचं असेल तर अर्धा दिवसापेक्षा जास्त लागतो. वाडी शहरापासून ४५-५० किलोमीटर, कृष्णा-पंचगंगा संगमावर दत्ताचं स्थान, आणि वाडीहून पुढे खिद्रापूर. विमानतळावरून शहरात न शिरता हुपरी-इचलकरंजी-कुरुंदवाड असंही जाता येतं. वाडीला घाटावर शांत बसा, बासुंदी खा, कवठाची बर्फी घ्या, ती दुसरीकडे अशी मिळत नाही.

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराबद्दल थोडं जास्त लिहितो कारण तिथे पुरेसे लोक जात नाहीत याचं मला वाईट वाटतं. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं मंदिर, कर्नाटकच्या सीमेला अगदी चिकटून, कृष्णेच्या काठी. पुढे स्वर्गमंडप आहे, खांबांचं वर्तुळ आणि वर छताला गोल मोकळी जागा, आकाश दिसतं. त्या गोलाच्या बरोबर खाली जमिनीवर तेवढीच गोल शिळा. तिथे उभं राहून वर बघितलं की आपण एखाद्या विहिरीच्या तळाशी उभे आहोत आणि वर आभाळाचं तोंड आहे असं वाटतं. बाहेर भिंतीच्या पायाशी हत्तींची रांग, प्रत्येकाची ठेवण वेगळी, बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्यात, तरी अंगावरची साखळी आणि घंटा अजून स्पष्ट दिसते. शिवाचं मंदिर असून समोर नंदी नाही, आणि गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर, म्हणजे शिव आणि विष्णू दोन्ही. दुपारच्या आधी पोचा, उजेड आत चांगला येतो. तिथे खाण्याची सोय फारशी नाही, जेवण वाडीला करा.

आता सरळ सांगतो, दुपारी फ्लाइट असेल तर त्या दिवशी खिद्रापूर करू नका. कणेरी चालेल. सकाळी उतरणार असाल तर मात्र थेट विमानतळावरून वाडी-खिद्रापूर करून संध्याकाळी शहरात शिरा.

मधला दिवस, पन्हाळा आणि जोतिबा

शहरातून शिवाजी पूल ओलांडून निघायचं, केर्लीला जोतिबाचा रस्ता वेगळा फुटतो, पन्हाळ्याला सरळ वाघबीळवरून वर. पन्हाळा २० किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळी लवकर जोतिबा, मग पन्हाळा हा क्रम चांगला. जोतिबाला गुलाल असतो, पांढरे नवे कपडे घालून जाऊ नका आणि गेलात तर मग गुलालाची तक्रार करू नका. रविवारी आणि चैत्र पौर्णिमेच्या यात्रेच्या आसपास गर्दी प्रचंड, सासनकाठ्या, म्हणजे यात्रेत नाचवतात त्या उंच काठ्या बघायच्या असतील तरच त्या दिवसांत या, आणि मग गाडी लांब लावून चालायची तयारी ठेवा.

पन्हाळ्यावर लोक वर गाडीतूनच फिरतात, तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी, अंधार बाव असं. चालत फिरा हो जमेल तेवढं. अंबरखान्यात धान्याची कोठारं आहेत, आत शिरल्यावर थंडगार अंधार आणि आवाज घुमतो, एवढ्या मोठ्या गडाला वेढा पडला तर खाणार काय याचं उत्तर तिथे उभं राहिल्यावर कळतं. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज भर पावसात इथूनच विशाळगडाकडे निघाले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले गेले त्यात पन्हाळा आहे, त्यामुळे आता गर्दी आणखी वाढणार, प्लास्टिक आणि बाटल्या खाली घेऊन या एवढी विनंती. वर झुणका-भाकरी आणि दही मिळतं, ते खा, गडावर येऊन पनीर कशाला खायचं.

हिवाळ्यात त्या भागात गुऱ्हाळं चालू असतात. रस्त्यात एखादं दिसलं तर थांबून विचारा, बहुतेक जण आत बोलावतात. काहिलीत रस उकळताना बघायचा, गरम काकवी चाखायची आणि ताजा गूळ तिथूनच घ्यायचा. अगदी पिवळाधमक, पांढुरका गूळ दिसायला छान असतो पण तो तसा दिसावा म्हणून बऱ्याचदा काहीबाही घातलेलं असतं, मी स्वतः तपकिरी, थोडा गडद गूळच घेतो.

शहरातलं

अंबाबाईचं दर्शन पहाटे किंवा दुपारी जेवणाच्या वेळेला घ्या, रांग कमी असते. नवरात्रात आणि सुट्टीच्या विकेंडला काही इलाज नाही, तीन-चार तास धरून चला. साधे, अंगभर कपडे घाला. किरणोत्सव बघायचा असेल तर ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, आणि ९, १०, ११ नोव्हेंबर या तारखा. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी देवीच्या पायावर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात, ढग नसतील तर. ढग आले तर तेवढ्यासाठी आलेल्यांचा जीव हळहळतो, म्हणून शक्यतो तिन्ही दिवस ठेवा.

मंदिराशेजारी भवानी मंडप, तिथून चालत खासबाग मैदान, शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान, आणि बाहेर भेळेच्या गाड्या. नवा राजवाडा, टाऊन हॉलमधलं म्युझियम, संध्याकाळी रंकाळा. हे सगळं दीड दिवसात आरामात होतं, रिक्षा धरा, गाडी घेऊन गल्ल्यांत शिरू नका.

खाण्याचं एवढंच सांगतो. मिसळ सकाळची, कोल्हापुरात ती पावाबरोबर नाही, ब्रेडच्या स्लाइसबरोबर येते आणि वरून कट मागून घ्यायचा. मिसळीची नावाजलेली ठिकाणं शिवाजी उद्यमनगरात आहेत, विमानतळावरून शहरात येताना फारसा वळसा पडत नाही, पण दुपारी उशिरा गेलात तर संपलेली असते. मटणाचं ताट घ्याल तेव्हा पांढरा रस्सा आधी गरम असताना वाटीने प्या, भातावर नंतर. तांबडा रस्सा दिसतो तेवढा जहाल नसतो, उलट चांगल्या खानावळीतला रस्सा पोटाला त्रास देत नाही.

आणि गंगावेशचा दूध कट्टा. हे चुकवू नका. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, गवळी खाली बसलेला, तुम्ही किती पाहिजे ते सांगायचं आणि तो तुमच्यासमोर धार काढून ग्लास पुढे करतो. वर दोन बोटं फेस, ग्लास कोमट, फेस मिशीला लागतो. आजूबाजूला तालमीतली पोरं, बँकेतनं सुटलेले साहेब, नातवाला घेऊन आलेले आजोबा, सगळे ग्लास धरून उभे. ज्यांना कच्चं दूध सोसत नाही त्यांनी नुसतं बघायला तरी जा.

चपला पापाची तिकटी आणि भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनमधून घ्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय पण नकली माल बाजारात भरपूर आहे. उलटी करून बघा, तळ चामड्याच्याच वादीने शिवलेला असतो, खिळा नसतो, वास चामड्याचा येतो, केमिकलचा नाही. अस्सल कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं. घेताना किंचित घट्टच घ्या, चार दिवसांत पायाला बसते, सैल घेतली तर पुढे निघायला लागते. पहिल्यांदा घालायच्या आधी आतून तेल लावा आणि पावसात अजिबात घालू नका. कापशी, पुकारी, कचकडी असे प्रकार असतात, दुकानदाराला नाव घेऊन विचारलं की तो आतला माल काढतो.

परतीचा दिवस

विमानतळावर दोन तास आधी पोचा, तीन तासांची गरज नाही, आत बसून वेळ जात नाही. पण विमान सुटायच्या साधारण तासभर आधी काउंटर बंद होतो हे लक्षात ठेवा, विमानतळ छोटा आहे म्हणून शेवटच्या क्षणी घेतील असं होत नाही. खाऊन निघा, आत फार काही मिळत नाही. ओळखपत्रावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव एकच हवं, लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं इथे बऱ्याचदा अडतं.

आता सामान. मागच्या नवरात्रानंतर मावशीला सोडायला गेलो होतो, बॅगा आत गेल्या, मी बाहेर थांबलेलो आणि मावशीचा फोन, ‘‘अरे, हे नारळ काढायला सांगतायत.’’ ओटीचा नारळ तिने हातातल्या पर्समध्ये ठेवलेला. सिक्युरिटीवाला पोरगा बिचारा नीट बोलत होता, ‘‘मावशी, नारळ हातातल्या सामानात चालत नाही.’’ आणि ही म्हणतेय, ‘‘बाळा, अंबाबाईचा प्रसाद आहे रे तो.’’ शेवटी कुणीतरी तो दारापर्यंत आणून दिला, मी घरी नेला, बायकोने वड्या केल्या आणि कुरिअरने मुंबईला पाठवल्या. मावशीच्या डोळ्यात पाणी आलं होतं तेवढ्यावरून, म्हणून कळकळीने सांगतो, अख्खा नारळ हातात घेऊ नका, चेक-इनच्या बॅगेत टाका. सुकं खोबरं मात्र बॅगेतही नको, त्यात तेल असतं, पेट घेतं म्हणून ते चालत नाही. तिखट आणि कांदा-लसूण चटणी चेक-इनमध्येच, दोन पिशव्यांत घट्ट बांधून, नाहीतर सगळ्या कपड्यांना वास. काकवीची बाटली पण तिथेच, झाकणाला टेप मारून. गूळ जड असतो, पाच किलोची ढेप घेतली की १५ किलोतले पाच तिथेच गेले, तेव्हा हौसेने घ्यायच्या आधी वजनाचा हिशोब करा. पॉवर बँक याच्या उलट, ती हातातच ठेवायची, चेक-इनमध्ये टाकली तर बॅग उघडायला बोलावतात.

पाऊस आणि फ्लाइट रद्द झाली तर

जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर मोबाइलवर दोन गोष्टी रोज बघा, फ्लाइट स्टेटस आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी, आमच्याकडे पावसाळ्यात सकाळी उठल्यावर लोक आधी हाच आकडा विचारतात. पाणी फार वाढलं की चिखली-आंबेवाडीकडे पाणी येतं आणि पन्हाळ्याचा रस्ता अडतो, आणि २०१९ आणि २०२१ सारखा महापूर आला तर शिरोलीजवळ हायवेच बंद होतो. विमानतळ नदीच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे पुण्याकडून किंवा सांगलीकडून फ्लाइट पकडायला येणाऱ्यांनी ४० फुटांच्या पुढे आकडा गेला की आदल्या दिवशीच शहरात येऊन राहावं. एरवीसुद्धा सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामामुळे हायवेला वळणं आणि खोळंबा असतो, तासभर जास्तीचा धराच.

ढग खाली उतरले की विमान घिरट्या घालून दुसरीकडे जातं किंवा सुटतच नाही. तसं झालं तर आधी काउंटरवर जाऊन रिफंड की पुढच्या दिवशीची सीट हे लेखी घ्या, मेसेज किंवा मेल आल्याशिवाय हलू नका. मग पर्याय असे, मुंबईला रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, दिवसा कोयना, पुण्यापर्यंत आठवड्यातले काही दिवस वंदे भारत. कोल्हापूरचं स्टेशन म्हणजे शेवटचं स्टेशन, गाडी इथूनच सुटते, म्हणून सुटायच्या आधी चार्ट लागल्यावर करंट बुकिंगला जागा आहे का ते जरूर बघा. रात्रीच्या खाजगी स्लीपर बस ताराराणी चौक आणि तावडे हॉटेल बाजूने मिळतात. आणि विमानानेच जायचं असेल तर बेळगावचं सांबरा विमानतळ, हायवेने साधारण ११५-१२० किलोमीटर, अडीच तास धरा. पुणे लांब पडतं, गोव्याचं मोपा घाट उतरून जावं लागतं आणि पावसात घाटाचा भरवसा नाही, त्यामुळे माझ्या मते पहिला फोन बेळगावच्या फ्लाइटसाठी आणि दुसरा महालक्ष्मीसाठी. टॅक्सीवाल्याला विमानतळाच्या दारातच थांबवून ठेवा, बोर्डिंग सुरू झाल्याचा फोन आल्यावरच त्याला सोडा, पावसाळ्यात मी सोडायला जातो तेव्हा मीसुद्धा विमान वर उडालेलं दिसेपर्यंत गाडी वळवत नाही.